नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रीव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅब्रॅडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर या दोन जाती आपल्याकडे घरोघरी ओळखीच्या आहेत. त्याच रिट्रीव्हर गटातला, म्हणजे पडलेली शिकार उचलून आणणाऱ्या कुत्र्यांतला, अंगाने सर्वांत लहान आणि तांबड्या केसांचा नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रीव्हर ऊर्फ टोलर मात्र फार थोड्या मराठी वाचकांनी प्रत्यक्ष पाहिलेला असतो. पुढील उत्तरांत या जातीचा इतिहास आणि स्वभाव यांवर भर दिला आहे, कारण टोलरला कोणत्या कामासाठी घडवले गेले हे कळल्याशिवाय त्याचे घरातले वागणे नीट उमगत नाही.

हा कुत्रा मूळचा कुठला?

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांताचा, आणि त्यातही त्या प्रांताच्या नैर्ऋत्य टोकाशी असलेल्या यार्मथ परगण्याचा. नोव्हा स्कोशिया हे जवळजवळ चहूबाजूंनी समुद्राने वेढलेले द्वीपकल्प आहे. त्याच्या किनाऱ्यावर लहानमोठ्या खाड्या, खाऱ्या पाण्याच्या दलदली आणि आतल्या बाजूला असंख्य तळी आहेत, आणि शरद ऋतूत उत्तरेकडून उतरणारी रानबदके या पाण्यावर थव्याथव्याने विसावतात. मासेमारी करणाऱ्या तिथल्या कुटुंबांना हिवाळ्याच्या तोंडावर मिळणारे बदकाचे मांस ही चैन नव्हती, ती घरची गरज होती. लिटल रिव्हर हार्बर या छोट्या वस्तीच्या आसपास एकोणिसाव्या शतकात हा कुत्रा आकाराला आला, आणि म्हणून सुरुवातीला त्याला 'लिटल रिव्हर डक डॉग' किंवा 'यार्मथ टोलर' असे म्हणत. आजचे लांबलचक नाव त्याला पुढे, अधिकृत नोंदणीच्या वेळी मिळाले. बोलताना सगळेच त्याला 'टोलर' म्हणतात, आणि येथेही तेच नाव वापरले आहे.

'टोलिंग' म्हणजे नेमके काय?

पाण्यावर दूर बसलेल्या बदकांना, किनाऱ्यावर कुत्रा खेळवून, बंदुकीच्या टप्प्यात यायला लावणे म्हणजे टोलिंग.

त्याची रीत अशी. शिकारी पाण्याच्या काठाशी दगडांचा, झुडपांचा किंवा गवताचा आडोसा करून त्यामागे बसतो. बदकांचा थवा खूप आत, बंदुकीच्या माऱ्यापलीकडे तरंगत असतो. शिकारी स्वतः न दिसता आडोशामागून एखादी काठी किंवा चेंडू काठावर फेकतो. कुत्रा उसळी मारून धावतो, शेपूट उडवत ती वस्तू उचलतो आणि परत आडोशामागे दिसेनासा होतो. काही क्षणांनी पुन्हा काठी, पुन्हा धाव, पुन्हा अदृश्य होणे. हा लपंडाव कधी दहावीस वेळा, तर कधी त्याच्या कितीतरी पट अधिक वेळा चालतो. हळूहळू बदकांच्या माना वर होतात, थव्यातली काही बदके किनाऱ्याकडे पोहू लागतात आणि मग त्यांच्या मागोमाग बाकीचीही येतात. ती टप्प्यात आली की शिकारी कुत्र्याला आत घेतो, स्वतः उभा राहतो, बदके उडतात आणि बार निघतो. त्यानंतर कुत्र्याचे दुसरे काम सुरू होते: बर्फासारख्या गार पाण्यात उडी घेऊन मेलेली आणि जखमी बदके, दातांचा दाब न देता, एकेक करून आणून देणे.

या वर्णनात एक गोष्ट सहज निसटते. काठीमागे धावणाऱ्या कुत्र्याने बदकांकडे लक्ष द्यायचे नसते. समोर पाण्यावर शिकार दिसत असताना तिच्याकडे दुर्लक्ष करून चेंडूतच जीव गुंतवणारा, भुंकून घोटाळा न करणारा, आणि इशारा होताच आडोशामागे मुकाट बसून राहणारा कुत्रा तिथल्या लोकांना हवा होता. न थकणारा खेळकरपणा आणि गरज पडताच निश्चल होण्याची क्षमता एकाच प्राण्यात असावी, ही मागणी सोपी नव्हे. टोलरच्या स्वभावातले जवळजवळ सगळे विशेष, सुखावणारे आणि त्रासदायक दोन्ही, या मागणीतून आलेले आहेत.

बदके पळून जाण्याऐवजी जवळ का येतात?

बदके कुतूहलापोटी फसतात, असे शिकारी सांगत आले. पक्ष्यांच्या वर्तनाचे अभ्यासक याकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहतात. जमिनीवरून हल्ला करणारा शत्रू दिसत असेल तर त्याला नजरेआड न होऊ देणे, प्रसंगी त्याच्या जवळ जाऊन त्याच्यावर पाळत ठेवणे, हे अनेक पक्षी करतात. आपल्याकडे दिवसा बाहेर पडलेल्या घुबडामागे कावळ्यांची टोळी लागते ती याच प्रवृत्तीतून. पाण्यात असलेल्या बदकाला किनाऱ्यावरच्या चार पायांच्या प्राण्यापासून तसा तातडीचा धोका नसतो, पण तो प्राणी दिसतो, लपतो आणि पुन्हा दिसतो, यामुळे तिथे काय चालले आहे ते पाहण्याची ओढ वाढते. बंदुकीचा हिशोब बदकांच्या या जुन्या शहाणपणात धरलेला नाही.

तिथला तांबडा खोकड हीच युक्ती स्वतःच्या पोटासाठी करतो, असे फार पूर्वीपासून सांगितले जाते: एक खोकड काठावर बागडतो, लोळतो, स्वतःच्या शेपटीमागे धावतो, आणि दुसरा गवतात दबा धरून बसतो. नोव्हा स्कोशियाचे मूळ रहिवासी असलेल्या मिकमाक लोकांनी खोकडाची ही चाल पाहून आपल्या कुत्र्यांना तसे शिकवले, असेही मानले जाते. टोलरचा तांबडा रंग, झुपकेदार शेपूट आणि तिचे पांढरे टोक पाहिले की खोकडाची आठवण होतेच, आणि ते साम्य पिढ्यान्‌पिढ्या जाणीवपूर्वक जपले गेले आहे.

म्हणजे हा खोकड आणि कुत्रा यांचा संकर आहे का?

नाही. ही आख्यायिका खुद्द नोव्हा स्कोशियातही सांगितली जाते, पण ती जीवशास्त्राला धरून नाही. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, तर तांबड्या खोकडाच्या पेशीत ३४ मुख्य गुणसूत्रे आणि त्यांच्या जोडीला काही अतिसूक्ष्म गुणसूत्रे असतात. इतक्या अंतरावरच्या दोन प्राण्यांपासून एखादी टिकाऊ श्वानजात निर्माण होणे शक्य नाही.

मग टोलरचे खरे पूर्वज कोणते?

या प्रश्नाचे उत्तर पुराव्यांपेक्षा तर्कांनी अधिक भरलेले आहे.

सतराव्या शतकात, हा भाग फ्रेंचांची अकेडिया वसाहत असताना, निकोला देनी या फ्रेंच वसाहतकाराने तिथल्या प्रदेशाचे वर्णन लिहिले. ते १६७२ मध्ये प्रसिद्ध झाले. काठावर बागडून पाणपक्ष्यांना भुलवणारे खोकड आणि तसेच करायला शिकवलेले कुत्रे, या दोन्हींचा उल्लेख त्यात सापडतो. म्हणजे ही युक्ती त्या किनाऱ्यावर आजच्या टोलरपेक्षा बरीच जुनी आहे. मात्र ते कुत्रे आजच्या टोलरचे थेट पूर्वज होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

युरोपातही याच्याशी नाते सांगणारी परंपरा होती. नेदरलँड्समध्ये तळ्याला जोडून, वर जाळे ताणलेले अरुंद, वळणदार कालवे खोदत असत. त्यांच्या काठाने वेताच्या किंवा बोरूच्या ताट्या तिरप्या लावलेल्या असत, आणि कोइकरहोंड्ये जातीचा पांढरा-तांबडा लहान कुत्रा त्या ताट्यांमधून नागमोडी चाले. त्याची शेपूट दिसे, लपे, पुन्हा दिसे, आणि बदके तिच्या मागे मागे कालव्याच्या निमुळत्या टोकाकडे जाऊन जाळ्यात अडकत. इंग्लंडमध्ये याच कामाला जुंपलेला तांबडा कुत्रा होता, जो पुढे नामशेष झाला. वसाहतींबरोबर अशा कुत्र्यांपैकी काही अटलांटिक ओलांडून आले असावेत, हा तर्क पटण्यासारखा आहे.

याशिवाय एक स्थानिक हकिकत आहे. यार्मथच्या जेम्स ॲलन नावाच्या गृहस्थांनी १८६० च्या सुमारास एका जहाजाच्या कप्तानाकडून गडद तांबड्या रंगाची एक इंग्लिश रिट्रीव्हर कुत्री घेतली, तिचा लॅब्रॅडोरशी संकर केला आणि पुढच्या पिढ्यांमध्ये तपकिरी कॉकर स्पॅनियल व आयरिश सेटर यांचे रक्त मिसळले, असे ती हकिकत सांगते. शेतावर राखण करणाऱ्या कोली जातीच्या कुत्र्यांचाही यात हात असावा, असे अनेकांना वाटते. माझ्या मते 'जातीचा जनक' कोण हा शोध येथे फारसा उपयोगी नाही. मासेमारी आणि शेती करणाऱ्यांनी ज्याच्या-त्याच्याकडे असलेल्या चांगल्या कुत्र्यांमधून कामाला उतरेल तो निवडला, आणि शंभरेक वर्षे हेच करत राहिले. वंशावळ लिहून ठेवण्याची सवड आणि सवय त्यांना नव्हती.

या जातीला अधिकृत मान्यता केव्हा मिळाली?

१९४५ मध्ये कॅनेडियन केनेल क्लब या श्वानजातींची नोंदणी करणाऱ्या संस्थेने, आणि तेव्हा नोंदवले गेलेले कुत्रे होते अवघे १५. कर्नल सिरिल कोलवेल यांनी त्याआधी या कुत्र्यांची पद्धतशीर पैदास केली होती आणि जातीचे पहिले लेखी मानक तयार केले होते. मान्यता मिळाली तरी प्रसिद्धी मिळाली नाही. पुढची अनेक वर्षे टोलर आपल्या प्रांताबाहेर जवळजवळ अज्ञात राहिला, आणि एव्हरी निकरसन यांच्यासारख्या यार्मथ भागातील मोजक्या शिकारी-ब्रीडरांमुळे तो टिकून राहिला. १९८० मध्ये दोन टोलरांनी सर्व जातींच्या प्रदर्शनांत सर्वोत्कृष्ट श्वानाचा मान मिळवला, तेव्हा कुठे कॅनडातल्याच श्वानप्रेमींचे डोळे उघडले. १९८०च्या दशकात फेडरेशन सिनोलॉजिक इंटरनॅशनल या जागतिक संघटनेच्या यादीत ही जात ३१२ क्रमांकाने आली, १९८८ मध्ये कॅनडाच्या टपाल खात्याने देशी श्वानजातींच्या तिकिटांमध्ये तिला स्थान दिले, १९९५ मध्ये नोव्हा स्कोशियाने तिला प्रांताचा अधिकृत कुत्रा म्हणून घोषित केले, आणि अमेरिकन केनेल क्लबची पूर्ण मान्यता २००३ मध्ये मिळाली. युरोपात तिची सर्वाधिक कदर स्वीडन आणि त्याच्या शेजारी देशांत झाली.

टोलर ओळखायचा कसा?

खांद्यापाशी नराची उंची साधारण ४८ ते ५१ सेंटिमीटर आणि मादीची ४५ ते ४८ सेंटिमीटर. वजन नराचे २० ते २३ किलो आणि मादीचे १७ ते २० किलो. म्हणजे लॅब्रॅडोरच्या शेजारी उभा केला तर तो धाकटा भाऊ वाटावा. बांधा आटोपशीर पण भरीव, बोटांमध्ये पोहण्यासाठी पडदे, आणि रंग फिकट केशरीपासून गडद तांबड्यापर्यंत. छातीवर, पंजांवर, शेपटीच्या टोकाला किंवा कपाळावर पांढरा ठिपका अथवा पट्टा बहुधा असतोच. नसला तरी चांगल्या कुत्र्याचा तो मोठा दोष मानत नाहीत. नाक, ओठ आणि डोळ्यांच्या कडा एक तर केसांच्या रंगाशी जुळणाऱ्या किंवा काळ्या असतात.

चेहऱ्यावर विश्रांतीच्या वेळी किंचित उदास भाव असतो. नव्याने भेटणाऱ्याला वाटते की कुत्रा आजारी आहे किंवा रुसला आहे. हातात चेंडू घ्या, आणि त्या उदासीचा मागमूस राहत नाही.

त्याचा स्वभाव कसा असतो?

टोलर बुद्धिमान, चपळ, घरच्या माणसांशी अतिशय जिव्हाळ्याने वागणारा आणि खेळासाठी कायम आसुसलेला असतो, असे कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळेल. ते खरेच आहे, पण त्यातल्या प्रत्येक विशेषणाला एक दुसरी बाजू आहे, आणि त्रास होतो तो त्या दुसऱ्या बाजूचा.

खेळाची ओढ घ्या. इतर बऱ्याच कुत्र्यांसाठी खेळ हा विरंगुळा असतो. टोलरसाठी खेळ हेच काम आहे, कारण त्याच्या पूर्वजांची निवडच या कसोटीवर झाली. शंभराव्या वेळी फेकलेल्या काठीमागे जो पहिल्या वेळच्याच उत्साहाने धावला, त्याची पिल्ले ठेवली गेली. त्यामुळे 'दमला की थांबेल' या भरवशावर राहणारा मालक स्वतःच आधी दमतो. खेळ कधी संपला हे माणसाने ठरवायचे असते, आणि ते ठरवण्याची ठाम व शांत सवय पहिल्या वर्षापासून लावावी लागते. ती लावली तर हाच कुत्रा घरात पायाशी निवांत झोपतो. आडोशामागे गप्प बसण्याचा वारसाही त्याच्यात आहेच, फक्त तो जागा करावा लागतो. ती सवय न लागलेला टोलर मात्र दिवसभर काही ना काही तोंडात धरून तुमच्या मागे फिरतो.

हुशारीचेही तसेच. दार कसे उघडते, खाऊ कोणत्या डब्यात आहे, घरातला कोणता माणूस लवकर विरघळतो, हे तो फार लवकर ताडतो. काम दिले नाही तर तो स्वतःसाठी काम शोधून काढतो, आणि त्याने शोधलेले काम आपल्याला आवडेलच असे नाही.

आणखी एक छटा सांगायला हवी. टोलर संवेदनशील असतो. घरातला चढलेला आवाज, सतत बदलणारे नियम किंवा दीर्घ एकटेपण त्याला सोसत नाही. असा कुत्रा कधी कोपरा धरून बसतो, तर कधी अतिउत्तेजित होऊन कुणाचेच ऐकेनासा होतो. वरवर दिसणारा हा 'हट्टीपणा' पुष्कळदा ताणाचे लक्षण असतो, आणि तिथे धाक दाखवणारा मालक गोष्ट अधिकच बिघडवतो.

त्याला गोल्डन रिट्रीव्हरची छोटी आवृत्ती म्हणता येईल का?

म्हणू नये. छायाचित्र पाहून हा समज होतो, आणि चुकीच्या घरात गेलेल्या अनेक टोलरांच्या दुर्दशेचे मूळ त्यातच असते. गोल्डन बहुधा कुणाशीही सलगी करतो, चुका पोटात घालतो आणि सुस्त रविवारही आनंदाने काढतो. टोलर अनोळखी माणसाला आधी अजमावतो, प्रत्येक हालचालीची दखल घेतो आणि सुस्त रविवार त्याला शिक्षेसारखा वाटतो. दोघेही उत्तम कुत्रे आहेत, पण एकाची अपेक्षा ठेवून दुसरा आणला तर दोष कुत्र्याचा नसतो.

तो किंचाळतो असे ऐकले. हे खरे का?

होय. उत्साह अनावर झाला की अनेक टोलर अतिशय उंच, कर्कश, किंकाळीसारखा आवाज काढतात. फिरायला निघताना, पाणी दिसताच, दुसरा कुत्रा खेळताना पाहून किंवा चेंडू हातातून सुटण्याच्या क्षणी तो ऐकू येतो. यात राग किंवा वेदना नसते. वाट पाहणे असह्य झाल्याचा तो उद्गार असतो. सगळेच टोलर असे करत नाहीत, आणि लहानपणापासून 'शांत राहिलास तरच चेंडू मिळेल' हे शिकवल्यास प्रमाण बरेच कमी होते. पण तो पूर्णपणे थांबेल अशी हमी कुणी देत असेल तर त्यावर विसंबू नये. भिंतीला भिंत लागून शेजारी राहतात अशा इमारतीत या एका गोष्टीचा विचार आधी करावा.

लहान मुले, पाहुणे आणि इतर प्राणी यांच्याशी तो कसा वागतो?

धावणाऱ्या-खेळणाऱ्या, जाणत्या मुलांशी त्याचे छान जमते. अगदी तान्ह्या मुलांच्या बाबतीत, उड्या मारण्याच्या सवयीमुळे, मोठ्यांचे लक्ष असावे. पाहुण्यांशी सुरुवातीला तो अंतर ठेवून राहतो. यालाच कुणी भित्रेपणा समजतात, कुणी राखणदारीचे कौतुक करतात, आणि दोन्ही समज अपुरे आहेत. पिल्लूपणी वेगवेगळी माणसे, आवाज आणि जागा यांची ओळख झालेला टोलर काही मिनिटांत सैलावतो. ती ओळख न झालेला कुत्रा मात्र पुढे खरोखरच बुजरा होऊ शकतो. घरातल्या मांजराबरोबर वाढल्यास तो तिला आपले मानतो. परके मांजर, खार किंवा कबुतर पळू लागले तर पाठलाग करण्याचा मोह त्याला क्वचितच आवरतो.

शिकवायला सोपा आहे का?

लवकर शिकतो, पण लवकर कंटाळतोही. तीच आज्ञा वीस वेळा घोटून घेणाऱ्या शिक्षकापेक्षा, थोडक्यात शिकवून लगेच खेळ देणाऱ्या शिक्षकाकडे तो चौपट चांगले काम करतो. ओरडणे किंवा झटका देणे येथे सपशेल फसते, कारण एकदा विश्वास उडाला की तो मन लावून काम करणेच सोडतो. अडथळ्यांच्या शर्यती, आज्ञापालनाच्या स्पर्धा, वासावरून शोधाची कामे यांत टोलर चमकतात. मनाने तो प्रौढ होईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात, तोवर धीर धरावा.

रोज किती व्यायाम लागतो?

प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी किमान तासभर मनसोक्त हालचाल आणि त्याबरोबर डोक्याला काम. पोहायला मिळाले तर उत्तमच. नुसता पट्टा बांधून सोसायटीभोवती दोन फेऱ्या मारल्याने त्याचे भागत नाही. पिल्लाला मात्र सांधे पक्के होईपर्यंत अतिश्रम देऊ नयेत.

या जातीला कोणते आजार होतात?

टोलरचे आयुष्य सरासरी १२ ते १४ वर्षांचे असते आणि बहुतेक कुत्रे ते चांगल्या प्रकृतीत काढतात. तरीही या जातीत एक खोलवरची अडचण आहे: मूळ संख्याच फार कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०८ आणि १९१२ मध्ये, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या साथींनी या कुत्र्यांची संख्या आणखी घटवली. आजचे सर्व टोलर त्या मोजक्या वाचलेल्या कुत्र्यांचे वंशज आहेत, आणि म्हणून जगाच्या दोन टोकांना जन्मलेले दोन टोलरही एकमेकांचे बऱ्यापैकी जवळचे नातलग असतात.

याचा परिणाम रोगप्रतिकारक यंत्रणेच्या विकारांत दिसतो. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटल्यामुळे होणारे दोन आजार या जातीत इतर जातींपेक्षा अधिक आढळतात. एकात मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आवरणाला सूज येते. तो बहुधा कोवळ्या वयात उद्भवतो आणि ताप, मान वळवताना असह्य वेदना, ताठरलेली चाल ही त्याची लक्षणे असतात. दुसऱ्यात ऐन उमेदीतल्या कुत्र्याचे अनेक सांधे एकाच वेळी दुखू लागतात आणि विश्रांतीनंतर उठताना तो अवघडतो. स्टेरॉइडच्या उपचाराने दोन्ही बऱ्याच अंशी आटोक्यात येतात, मात्र निदान लवकर व्हावे लागते. टोलर दिवसभर पळतो म्हणून त्याचे लंगडणे 'मुरगळले असेल' असे म्हणून सोडून दिले जाते, तेव्हा ही लक्षणे मालकाने लक्षात ठेवलेली बरी. सांधेदुखीच्या या आजाराचे माणसातल्या ल्युपस या अशाच प्रतिकारयंत्रणेच्या विकाराशी साम्य असल्याने स्वीडनमधील संशोधकांनी टोलरांच्या जनुकांचा अभ्यास केला, आणि २०१० मध्ये या आजारांशी निगडित असलेले जनुकीय भाग प्रसिद्ध केले. एका प्रादेशिक शिकारी कुत्र्याचे छोटे घराणे अशा रीतीने मानवी वैद्यकाच्या उपयोगी पडले.

याशिवाय ॲड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचा ॲडिसनचा आजार, हळूहळू दृष्टी घालवणारे नेत्रपटलाचे आनुवंशिक विकार, फाटलेली टाळू आणि कमरेच्या सांध्यातील दोष यांचीही दखल घ्यावी लागते. यांपैकी अनेकांसाठी डीएनए चाचण्या उपलब्ध आहेत.

केसांची निगा कशी राखावी?

आतली मऊ, दाट लोकर आणि वरचे मध्यम लांबीचे, पाणी न धरणारे केस अशी त्याची दुहेरी रचना असते. आठवड्यातून एकदोनदा ब्रश, कानांमागच्या गाठी सोडवणे आणि पंजांमधले केस कापणे एवढे पुरते. वर्षातून दोनदा भरपूर केस गळतात. उन्हाळ्यात 'गार वाटावे' म्हणून अंगावरचे केस भादरू नयेत, कारण तेच केस त्वचेला उन्हापासून वाचवतात.

महाराष्ट्रात टोलर पाळावा का?

माझे मत नकाराकडे झुकते. हिमाळलेल्या अटलांटिकच्या पाण्यात उड्या मारण्यासाठी जोपासलेले केस घेऊन कोकणातल्या दमट हवेत किंवा विदर्भातल्या उन्हाळ्यात जगणे त्याला कष्टाचे आहे. वातानुकूलित खोलीत त्याला ठेवता येईल हे खरे, पण ज्याला दिवसभर पळायचे आहे त्याच्यासाठी खोलीतला गारवा हा अर्धाच तोडगा ठरतो. शिवाय त्याचे मूळ काम येथे करवून घेता येणार नाही: वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार आपल्याकडे रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे. भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला पाणपक्षी पाहायला जाताना तर असा कुत्रा बरोबर नेऊच नये. पाण्यावर विसावलेल्या पक्ष्यांना अस्वस्थ करण्यात तो पिढीजात तरबेज आहे.

कॅनडात राहणाऱ्या आमच्या कुटुंबाने तेथे टोलर घ्यायचे ठरवले आहे. पिल्लू घेताना काय विचारावे?

तेथील हवामान, मोकळी जागा आणि तळी पाहता निर्णय योग्य ठरू शकतो, अट एवढीच की घरातले किमान एक माणूस रोज, बर्फ पडत असतानाही, त्याच्याबरोबर बाहेर जाणारे असावे. टोलरची वेते फार नसतात, त्यामुळे पिल्लासाठी वाट पाहावी लागते. 'आज सांगा, उद्या घेऊन जा' म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे. दोन्ही पालकांच्या डोळ्यांचे, कमरेच्या सांध्यांचे आणि डीएनए चाचण्यांचे अहवाल पाहावेत. त्या घराण्यातल्या कुत्र्यांमध्ये प्रतिकारयंत्रणेचे आजार झाले होते का, हे स्पष्ट विचारावे; प्रामाणिक ब्रीडर या प्रश्नाने रागावत नाही. पिल्लाच्या आईला प्रत्यक्ष भेटावे आणि अनोळखी माणसाजवळ ती किती वेळात सैलावते ते पाहावे, कारण बुजरेपणा पुष्कळदा आईकडून येतो. आणि तुम्ही स्वतः कोणत्या प्रकारचे आयुष्य जगता याची चौकशी ब्रीडरनेही तितक्याच बारकाईने केली, तर ते चांगले लक्षण समजावे.

तोच कुत्रा पुढे भारतात परत येताना आणता येईल का?

पाळीव प्राणी म्हणून आणता येतो, परंतु तयारी काही महिने आधी सुरू करावी लागते. मायक्रोचिप, रेबीजसह सर्व लसींच्या नोंदी, तेथील अधिकृत पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेचे ना हरकत प्रमाणपत्र ही प्रमुख कागदपत्रे लागतात. मुंबईत उतरणार असाल तर त्या सेवेच्या मुंबईतील केंद्राशी संपर्क साधावा. नियम वेळोवेळी बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी ते त्या कार्यालयाकडूनच ताडून घ्यावेत. प्रवासासाठी हिवाळ्याचे महिने निवडावेत, म्हणजे कुत्र्याला मार्च-एप्रिलच्या उन्हापूर्वी हवेशी जुळवून घ्यायला अवधी मिळतो.